लाकडी घराला ओपन-सेल स्प्रे फोम: अमेरिकेत नवं घर घेतलेल्यांसाठी

विटांच्या आणि स्लॅबच्या घरात वाढलेल्या माणसाला अमेरिकेतल्या घराच्या भिंतीत काय असतं याचा अंदाज नसतो. १६ इंचांवर एक अशी उभी लाकडं, त्यांना बाहेरून प्लायवूड किंवा ओएसबीची (लाकडाचे कपटे दाबून केलेली) फळी, आतून अर्ध्या इंचाचं ड्रायवॉल, म्हणजे जिप्समची पाटी. मधे पोकळी. वर उतरतं छप्पर आणि त्याखाली अ‍ॅटिक, म्हणजे आपला माळाच. या पोकळ्यांमध्ये काय भरलंय आणि फटींमधून किती हवा ये-जा करते, यावर एसीचं आणि हीटिंगचं बिल ठरतं. घर घेतल्यावर पहिला उन्हाळा किंवा पहिला हिवाळा गेला की इन्सुलेशनवाल्यांची पत्रकं दारात पडायला लागतात, आणि त्यात हमखास स्प्रे फोम असतो.

हा लेख त्यातल्या ओपन-सेल फोमबद्दल आहे. एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण पुढचं जवळजवळ सगळं तिच्यावर उभं आहे: ओपन-सेल फोम हवा अडवतो, बाष्प अडवत नाही. विक्रेता पहिला अर्धा भाग रंगवून सांगतो. दुसरा अर्धा तुम्हाला विचारून काढावा लागतो.

आधी वस्तू ओळखून घ्या

स्प्रे फोम म्हणजे जागेवर तयार होणारं पॉलियुरेथेन. या रसायनाचा शोध जर्मनीत १९३७ साली ओटो बायर यांच्या प्रयोगशाळेत लागला. घराच्या कामात दोन पिंपं येतात. ‘ए’ पिंपात आयसोसायनेट, ‘बी’ पिंपात पॉलिऑल, पाणी, उत्प्रेरक आणि आगरोधक. दोन्ही तापवून, समसमान प्रमाणात, मोठ्या दाबाने बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात आणि फळीवर पडताक्षणी फुगतात. ओपन-सेलमध्ये फुगवण्याचं काम पाणी करतं: पाणी आणि आयसोसायनेट यांच्या संयोगातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि मिश्रण मूळच्या सुमारे शंभरपट होतं. बुडबुड्यांच्या भिंती फुटलेल्या राहतात, म्हणून ‘ओपन’. तयार फोम ताज्या लादीपावासारखा मऊ असतो. बोटाने दाबला की दबतो, सोडला की वर येतो.

क्लोज्ड-सेल ही त्याची टणक बहीण. तिची घनता घनफुटाला साधारण दोन पौंड, ओपन-सेलची अर्धा पौंड. म्हणूनच कंत्राटदार ओपन-सेलला ‘हाफ-पाउंड फोम’ म्हणतात. उष्णता अडवण्याचं माप म्हणजे आर-व्हॅल्यू. ती ओपन-सेलची इंचाला सुमारे ३.५ ते ३.८, क्लोज्ड-सेलची ६ ते ७. क्लोज्ड-सेल दीड-दोन इंच झाला की बाष्पही अडवतो आणि पाणी शोषत नाही. किंमत मात्र तेवढ्याच जाडीला दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त.

या दोघांशी घोळ होणारं तिसरं नाव म्हणजे युरिया-फॉर्मल्डिहाइड फोम. सत्तरच्या दशकात जुन्या भिंतींमध्ये तो भरला जायचा. कॅनडाने १९८० मध्ये त्यावर बंदी घातली. तिथे जुनं घर विकत घेताना आजही त्याबद्दल विचारतात. तो वेगळा पदार्थ, हा वेगळा. एजंटने दोन्ही एकाच वाक्यात घेतले तर त्याला थांबवा.

पायरी १: फोम हवाच आहे का, ते ठरवा

स्प्रे फोम महाग आहे आणि एकदा बसला की निघत नाही, निघालाच तर खरवडून. त्यामुळे आधी स्वस्त पर्याय बाद करायला हवा. माझी कसोटी सोपी आहे: अ‍ॅटिकमध्ये चढा आणि बघा, तिथे एसीची पेटी आणि हवेचे डक्ट आहेत का?

टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया या भागांत बहुतेक घरांत ते असतात. उन्हाळ्यात ह्यूस्टनच्या अ‍ॅटिकमध्ये दुपारी १३० अंश फॅरनहाइटच्या वर तापमान जातं, आणि त्या भट्टीतून ५५ अंशांची गार हवा पातळ डक्टमधून फिरवायची असते. सांध्यांतून गळते ती वेगळीच. अशा घरात छपराच्या फळीला खालून ओपन-सेल मारून अख्खा अ‍ॅटिक घराच्या आत घेणं हे खरोखर पटण्यासारखं काम आहे. डक्ट हलवायला नकोत, भट्टीही जाते.

न्यू जर्सी किंवा शिकागोकडच्या बऱ्याच घरांत फर्नेस, म्हणजे घर तापवणारं यंत्र, तळघरात असतो आणि अ‍ॅटिक रिकामा. तिथे छपराला फोम मारणं म्हणजे बहुतेक वेळा पैसे जास्त घालणं. अ‍ॅटिकच्या जमिनीवरच्या फटी, तारांची भोकं, नळ्यांभोवतीच्या जागा डब्यातल्या फोमने बुजवा आणि वर सेल्युलोज (कागदाच्या भुग्याचं इन्सुलेशन) फुंकून घ्या. काम निम्म्याहून कमी खर्चात होतं आणि गणितही सरळ आहे: ६/१२ उताराच्या (१२ फूट आडवं गेल्यावर ६ फूट चढणाऱ्या) छपराचं क्षेत्रफळ खालच्या जमिनीपेक्षा १२ टक्के जास्त भरतं, दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती वेगळ्या.

नवीन बांधकाम किंवा ड्रायवॉल काढलेली दुरुस्ती असेल तर भिंतींचाही विचार करता येतो. २×४ च्या (नावापुरत्या दोन बाय चार इंचांच्या लाकडांच्या) भिंतीत साडेतीन इंच म्हणजे आर-१३, २×६ मध्ये साडेपाच इंच म्हणजे आर-२० च्या जवळ. नुसत्या आकड्यांत फायबरग्लासही इथपर्यंत पोचतो. फरक फटींचा. तारा, खोकी, वाकडीतिकडी लाकडं यांच्याभोवती फोम आपसूक बसतो, फायबरग्लासचा तुकडा नीट कापून बसवावा लागतो आणि घाईत तसं कोणी करत नाही.

आणि तळघर? काँक्रीटच्या भिंतीला, पूर येऊ शकणाऱ्या मजल्याला, जमिनीलगतच्या लाकडांना ओपन-सेल नको. तो पाणी धरतो. थंड प्रदेशात रिम जॉइस्टलाही, म्हणजे पायाच्या भिंतीवर बसलेल्या कडेच्या लाकडालाही, क्लोज्ड-सेलच बरा.

पायरी २: तुमचा हवामान विभाग शोधा

अमेरिकेचा बांधकाम संहितेतला नकाशा १ ते ८ विभागांत आहे. ह्यूस्टन २, डॅलस आणि अटलांटा ३, शिकागो आणि बॉस्टन ५, मिनीॲपोलिस ६. आपला काउंटी शोधून विभाग लिहून ठेवा. इथे ओपन-सेलचं बाष्प न अडवणं खरं महत्त्वाचं ठरतं, आणि थंडीत आणि दमटपणात ते अगदी उलट बाजूंनी त्रास देतं.

थंड भाग घ्या. जानेवारीत शिकागोत घरात ७० अंश फॅरनहाइट आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेतलं बाष्प सुमारे ४५ अंशांना पाणी होतं. बाहेर छपराची फळी २० अंशांवर. ओपन-सेलमधून बाष्प सावकाश झिरपत फळीपर्यंत जातं आणि तिथे गोठतं, मार्चमध्ये विरघळतं, पुन्हा पुढच्या वर्षी तेच. चार-पाच हिवाळ्यांत फळी काळी पडू शकते. म्हणून विभाग ५ आणि त्यापुढे छपराखाली ओपन-सेल मारायचा असेल तर आतून दुसऱ्या श्रेणीचा बाष्परोधक थर, म्हणजे एक पर्म (बाष्प किती झिरपतं याचं माप) किंवा त्याहून कमी, हवाच. तो फोमवर मारायच्या खास रंगाच्या रूपात मिळतो. साधा भिंतीचा लेटेक्स रंग त्या श्रेणीत बसत नाही. आणि ओपन-सेलचा खडबडीत पृष्ठभाग रंग पितो, त्यामुळे कंत्राटदाराने ‘एक हात मारू’ म्हटलं तर डब्यावरची जाडी दाखवायला सांगा. मी विभाग ६ मध्ये राहत असतो तर छपराला क्लोज्ड-सेलच घेतला असता, वाटल्यास त्याच्यावर ओपन-सेलचा थर देऊन खर्च आटोक्यात ठेवला असता. कॅनडात राहणाऱ्यांसाठी हे अधिकच खरं: तिथल्या संहितेला बाष्परोधक हवा असतो आणि ओपन-सेल एकटा ती अट पुरी करत नाही.

आता दमट उष्ण भाग. इथे लोकांना वाटतं की थंडी नाही म्हणजे प्रश्न नाही. पण रात्री शिंगल्सवर, म्हणजे छपरावरच्या पातळ कौलांवर, दव पडतं, फळी थोडी ओल धरते, सकाळी ऊन आलं की ती ओल बाष्प होऊन खालच्या बाजूला ढकलली जाते आणि ओपन-सेलमधून अ‍ॅटिकमध्ये उतरते. दमट हवा कोरड्यापेक्षा हलकी असते, ती आढ्याखाली जाऊन साठते. रात्री फळी गार झाली की बाष्प परत वर जातं. बांधकामशास्त्रात याला ‘पिंग-पाँग’ म्हणतात. जोसेफ स्टिबरेक या अभियंत्याने यावर भरपूर लिहिलंय. परिणाम असा की फोम उत्तम बसलेला असूनही आढ्याजवळची लाकडं ओलसर, एसीच्या डक्टवर घाम, आणि घरात कुबट वास. उपाय सोपा आहे पण कोटेशनमध्ये क्वचित असतो: अ‍ॅटिकमध्ये एसीची थोडी हवा सोडायची, साधारण १,००० चौरस फुटाला ५० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा), किंवा तिथे छोटा डिह्युमिडिफायर बसवायचा. ‘अ‍ॅटिकची हवा कशी कोरडी ठेवणार?’ हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारा. त्यावर समोरचा गोंधळला तर तुम्हाला पुरेशी माहिती मिळाली.

पायरी ३: गॅसची उपकरणं आणि एसीचं माप

छपराला फोम मारताना वळचणीखालच्या जाळ्या आणि आढ्याची हवेची फट बंद होते. अ‍ॅटिकमध्ये बाहेरची हवा येणं थांबतं, तेच हवं असतं. पण तिथे गॅसवर चालणारा फर्नेस किंवा पाण्याचा हीटर असेल आणि तो आजूबाजूची हवा घेऊन जळत असेल, तर त्याला जळायला हवा पुरणार नाही आणि धूर उलटा घरात येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अशी उपकरणं बाहेरून नळीने हवा घेणारी, बंद ज्वालेची हवीत. ती बदलायचा खर्च फोमच्या खर्चात धरूनच तुलना करा. अनेकदा पूर्ण हिशेब इथेच फिरतो.

दुसरी बाजू एसीची. फोमनंतर घराला लागणारी गारवा देण्याची ताकद कमी होते. जुना मोठा एसी मग पाच मिनिटं चालतो, तापमान गाठतो, बंद पडतो; हवा गार होते पण दमटपणा काढायला वेळच मिळत नाही. घर थंड आणि चिकट. एसी लवकरच बदलायचा असेल तर आधी फोम, मग ‘मॅन्युअल जे’ पद्धतीने (घराला किती ताकदीचा एसी लागेल ते काढण्याच्या ठरलेल्या रीतीने) नवा हिशेब, मग एसी. ‘इतक्या चौरस फुटाला एक टन’ असं सांगणारा माणूस हिशेब करत नाही.

पायरी ४: कोटेशन वाचायला शिका

फोम ‘बोर्ड फूट’वर विकला जातो: एक चौरस फूट जागा, एक इंच जाडी. १,२०० चौरस फूट छपराला ७ इंच म्हणजे ८,४०० बोर्ड फूट. तीन कंत्राटदारांचे भाव याच मापात उतरवून घ्या, नाहीतर एकाच्या पाच इंचांची दुसऱ्याच्या आठ इंचांशी तुलना होते.

जाडीबद्दल तुम्हाला एक वाक्य ऐकू येईल: ‘साहेब, फोमला आर-व्हॅल्यू इतकी लागत नाही, पाच इंच पुरे.’ यात थोडं तथ्य आहे, कारण गळती थांबण्याचा फायदा मोठा असतो आणि प्रत्येक पुढच्या इंचाचा फायदा आधीच्यापेक्षा कमी. पण संहितेचा आकडा वेगळा आहे. दक्षिणेकडच्या विभागांत वर्षानुवर्षं आर-३८ मागितला जायचा, २०२१ च्या आवृत्तीत आर-४९. उत्तरेला आर-४९ आणि २०२१ च्या आवृत्तीत आर-६०. आर-३८ साठी ओपन-सेल दहा इंचांहून जास्त लागतो, आणि २×८ चा वासा सव्वासात इंचांचाच असतो. कमी जाडी चालवायची तर घराच्या एकूण ऊर्जेचा हिशेब मांडून परवानगी घेता येते. कुठली आवृत्ती तुमच्या गावात लागू आहे ते नगरपालिकेच्या बिल्डिंग खात्यात फोन करून विचारा. परमिट कोण काढणार हेही त्याच वेळी.

लेखी हव्यात अशा गोष्टी: फोमचं नाव आणि त्याचा आयसीसी-ईएस (साहित्य संहितेत बसतं का ते तपासणारी संस्था) अहवाल क्रमांक, सरासरी नव्हे तर किमान जाडी, जुना फायबरग्लास कोण काढणार, वळचणीच्या जाळ्या कशाने बुजवणार, आगीसाठी काय (त्यावर पुढे), कचरा नेणार का. ओपन-सेल लाकडाच्या पुढे फुगवून करवतीने तासतात, त्यामुळे पोतीच्या पोती कचरा निघतो. मारणारा माणूस प्रमाणित आहे का हेही विचारा. स्प्रे पॉलियुरेथेन फोम अलायन्स ही संघटना तशी प्रमाणपत्रं देते.

करसवलतीबद्दल: इन्सुलेशनच्या सामानावर ३० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त १,२०० डॉलर अशी केंद्राची सवलत होती. ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बसवलेल्या कामालाच लागू. त्यानंतरच्या कामावर कोणी ती दाखवून किंमत कमी करून सांगत असेल तर सावध व्हा. वीज-गॅस कंपन्यांच्या आणि राज्यांच्या योजना वेगळ्या, त्या त्यांच्याच संकेतस्थळावर बघा.

पायरी ५: मारण्याच्या आधीची कामं

सगळ्यात आधी छप्पर. गळत असेल तर दुरुस्त करा, शिंगल्स दोन-तीन वर्षांत बदलायचेच असतील तर आधी बदला. लाकडाची ओल मीटरने मोजतात. १९ टक्क्यांच्या वर असेल तर फोम मारू नये, तो नीट धरत नाही आणि ओल आत कोंडते.

इलेक्ट्रिशियनला एकदा बोलवा. छतातले जुने दिवे ‘आयसी’ दर्जाचे (इन्सुलेशन टेकलं तरी चालणारे) नसतील तर फोममध्ये गाडल्यावर तापतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या घरात पोर्सिलेनच्या खुंट्यांवरून जाणारी मोकळी वायरिंग सापडली तर ती बदलल्याशिवाय फोमचा विचारही नको, कारण ती हवेत गार राहण्यासाठीच तशी लावलेली असते. पुढे कधी नवा प्लग, कॅमेरा, पंख्याची वायर लागणार असेल तर रिकाम्या नळ्या आत्ताच टाकून ठेवा. फोममधून नंतर वायर ओढणं हे मनस्तापाचं काम आहे.

बाथरूमचे पंखे आणि कपडे वाळवायच्या यंत्राची नळी थेट घराबाहेर जाते ना, ते बघा. बऱ्याच घरांत पंख्याची नळी अ‍ॅटिकमध्येच सोडलेली असते. आजवर ती हवा जाळ्यांतून निघून जायची. आता जागा बंद होणार.

आणि फोटो काढा. प्रत्येक भिंतीचा, प्रत्येक कोपऱ्याचा, शेजारी मापाची पट्टी धरून.

दक्षिणेकडे राहत असाल तर वाळवीवाल्यालाही विचारा. छपराच्या वळचणीपासून पायापर्यंत सगळं फोमने झाकलं तर त्याला तपासायला लाकूड दिसत नाही, आणि काही कंपन्या हमीच काढून घेतात. पायाजवळ तपासणीची पट्टी उघडी ठेवायची असते.

पायरी ६: मारण्याचा दिवस

घरात कोणी थांबायचं नाही. हा भाग हलक्यात घेऊ नका. आयसोसायनेटमुळे दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीराने ते हेरलं की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही त्रास होतो. मारणारी माणसं बाहेरून हवा पुरवणारे मुखवटे घालतात; सर्जिकल मास्क घातलेला माणूस दिसला तर काम थांबवा. उत्पादक सहसा किमान २४ तास, काही ७२ तासांपर्यंत परत न येण्याचं सांगतात. या काळात पंख्यांनी बाहेर हवा फेकत ठेवायची आणि एसीच्या खिडक्या-जाळ्या प्लास्टिकने झाकायच्या, नाहीतर धुरळा सगळ्या खोल्यांत फिरतो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर तारीख त्यांच्या परतीनंतरची धरा, किंवा त्यांना घेऊन लेकीकडे दोन-तीन दिवस जाऊन या. लहान मुलं, गरोदर बाई, दम्याचा रुग्ण असेल तर मी तीन दिवसांच्या खाली यायचं नाही म्हणेन.

स्वतः मारू का, हा प्रश्न दुकानातले किट बघून पडतोच. ते किट बहुतेक क्लोज्ड-सेल प्रकारचे आणि छोट्या जागांसाठी असतात. खिडकीच्या फटीला डब्यातला फोम जरूर वापरा, हातमोजे आणि चष्मा घालून. अख्खा अ‍ॅटिक नको.

सकाळी कामगारांनी भिंतीच्या एका तुकड्यावर किंवा पुठ्ठ्यावर नमुना मारायला हवा. तो कापून बघा. पिंपं गार असतील, नळी नीट तापलेली नसेल किंवा दोन बाजूंचं प्रमाण बिघडलं असेल तर तिथेच कळतं, आणि तिथे कळणं स्वस्त पडतं.

पायरी ७: ड्रायवॉल लागायच्या आधी तपासा

चांगला ओपन-सेल फिकट पिवळसर किंवा पांढरा, सगळीकडे एकाच रंगाचा, लवचिक. ही लक्षणं वाईट: ठिसूळ होऊन भुगा होणं, चिकट डाग, काळसर किंवा तेलकट पट्टे, लाकडापासून आकसून सुटलेली कड. आठवड्यानंतरही मासळीसारखा वास येत असेल तर तो उत्प्रेरकाचा असतो, आणि प्रमाण बिघडल्याचा संशय घ्यायला जागा आहे. तेव्हा ‘वास जाईल हळूहळू’ यावर समाधान मानू नका. उत्पादकाला नमुना पाठवायची मागणी लेखी करा.

जाडीसाठी पातळ तार किंवा सळई घ्या, खूण करा आणि दहा-पंधरा ठिकाणी टोचून बघा. वळचणीजवळ, जिथे बंदूक वाकवायला जागा नसते, तिथे फोम हमखास पातळ असतो. तासलेल्या भागात वाशांचा पुढचा कडा दिसतो, तिथे लाकडातून उष्णता जाते. म्हणूनच काही जण वाशांवरही एक-दोन इंच चढवून घेतात आणि ते पैसे वाया जात नाहीत.

यानंतर ब्लोअर-डोअर चाचणी. दारात पंखा लावून घरात ५० पास्कलचा दाबाचा फरक निर्माण करतात आणि हवा तासाला किती वेळा बदलते ते मोजतात. संहितेच्या २०१२ ते २०२१ च्या आवृत्त्यांत नव्या घरांसाठी विभाग ३ ते ८ मध्ये मर्यादा ३, आणि १-२ मध्ये ५ होती. जुन्या घरात तो आकडा गाठला नाही तरी हरकत नाही, पण आधीचा आणि नंतरचा आकडा हातात असला पाहिजे. पंखा चालू असतानाच अ‍ॅटिकमध्ये हात फिरवा. उरलेल्या फटी तळहाताला कळतात आणि कामगार तिथेच असतो.

आता आग. पॉलियुरेथेन जळतो आणि जळताना विषारी धूर सोडतो, म्हणून संहितेला राहत्या जागेत फोमवर अर्ध्या इंचाचं ड्रायवॉल किंवा त्याच्या तोडीचा थर हवा असतो. अ‍ॅटिकला थोडी सूट आहे, पण फक्त दुरुस्तीपुरतं कोणी तिथे जात असेल तर; तेव्हा साधा प्रज्वलनरोधक थर किंवा चाचणी झालेला रंग चालतो, काही फोम तर तसेच उघडे ठेवायला मान्य असतात. मात्र तुम्ही तिथे फळ्या टाकून गणपतीचं मखर, दिवाळीचे कंदील आणि भारतवारीच्या बॅगा ठेवणार असाल, तर ती साठवणीची जागा झाली आणि नियम बदलला. आपल्यापैकी किती जणांच्या अ‍ॅटिकमध्ये मखर नाही? कंत्राटदाराला हे आधीच सांगा, इन्स्पेक्टर आल्यावर नाही.

काम संपल्यावर पावती घ्या. फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाप्रमाणे इन्सुलेशन बसवणाऱ्याने जाडी, व्यापलेलं क्षेत्रफळ आणि आर-व्हॅल्यू लिहून द्यावीच लागते.

पायरी ८: बंद घरात राहायला शिका

घर घट्ट झालं की ताजी हवा फटींतून येणार नाही, ती यंत्राने आणावी लागते. अ‍ॅशरे (एसी-हीटिंग अभियंत्यांची संघटना) ६२.२ या मानकाचा हिशेब घरच्या घरी करता येतो: क्षेत्रफळाच्या चौरस फुटांना ०.०३ ने गुणा, त्यात झोपायच्या खोल्यांची संख्या अधिक एक, गुणिले ७.५ मिळवा. २,००० चौरस फूट आणि तीन बेडरूमला ६० अधिक ३०, म्हणजे ९० सीएफएम सतत. यासाठी ईआरव्ही नावाचं यंत्र उत्तम, कारण ते बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आणि थोडी आर्द्रता आत येणाऱ्या हवेला देतं. बजेट नसेल तर बाथरूमचा शांत पंखा टायमरवर.

आपल्या स्वयंपाकघराची गोष्ट वेगळी आहे. स्टोव्हवर बसवलेला मायक्रोवेव्ह धूर ओढतो, जाळीतून काढतो आणि परत खोलीतच सोडतो. अमेरिकेतल्या कित्येक घरांत हेच असतं. गळक्या घरात मोहरी-हिंगाची फोडणी संध्याकाळपर्यंत विरून जाते. घट्ट घरात सुक्या मिरच्यांचा ठसका दुसऱ्या दिवशी बेडरूममध्ये भेटतो, आणि भातासाठी दोन-तीन कुकर लावले की खिडक्यांवर पाणी. तेव्हा फोमबरोबरच बाहेर सोडणारी चिमणी बसवून घ्या. ती ४०० सीएफएमच्या वरची असेल तर आत हवा येण्याची सोयही संहिता मागते, नाहीतर ती शेकोटीच्या धुरांड्यातून किंवा गॅस हीटरच्या नळीतून हवा खेचते. माझ्या मते बहुतेकांना ३५० चा, पण थेट बाहेर जाणारा पंखा पुरतो.

घरात दोन स्वस्त आर्द्रतामापक ठेवा, एक बैठकीत, एक अ‍ॅटिकमध्ये आढ्याच्या जवळ. थंड प्रदेशात हिवाळ्यात घरात ४० टक्क्यांच्या वर नेऊ नका, ह्युमिडिफायर सगळ्यात मोठ्यावर लावून झोपण्याची सवय सोडा. अ‍ॅटिकमधला आकडा आठवडाभर ६० च्या वर राहिला तर पायरी दोनमधला कोरडेपणाचा उपाय अपुरा आहे.

आवाजाबद्दल फार आशा धरू नका. शेजारच्या खोलीतलं बोलणं, रस्त्यावरची वर्दळ थोडी कमी होते; वरच्या मजल्यावर मुलं उड्या मारतात तो धप्प आवाज लाकडातून येतो, फोम तो थांबवत नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी एवढंच: छपराखाली स्प्रे फोम असलेल्या घरावर तिथल्या बऱ्याच बँका कर्ज द्यायला कचरतात, कारण सर्व्हेअरला लाकूड दिसत नाही. दारावर येणाऱ्या विक्रेत्याला होकार देण्यापूर्वी आपल्या बँकेला विचारा. महाराष्ट्रात स्लॅबवर किंवा पत्र्याच्या शेडवर जो पीयू फोम मारतात, तो सहसा क्लोज्ड-सेल असतो. पावसात उघड्यावर ओपन-सेल टिकणारच नाही.

छपराला दरवर्षी पावसाळी दिवसांत आतून एकदा टॉर्चने बघा. ओपन-सेलमधून गळती शेवटी खाली उतरते, डाग दिसतो, ही त्याची जमेची बाजू. पण डाग आणि भोक एका रेषेत असतीलच असं नाही, पाणी वाशावरून फूट-दोन फूट सरकून मग टपकतं. पुढे शिंगल्स बदलायची वेळ येईल तेव्हा रूफरला सांगा की फळीला खालून फोम चिकटलाय. कुजलेली फळी काढली की फोमही सोबत उखडतो आणि तेवढी जागा पुन्हा मारावी लागते, त्याचा दर त्याच कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्या.